तऱ्याची पार

आमच्या गावात पाहुणा मुक्कामी राहिला, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तऱ्याच्या पारीवर न्यायचं, अशी रीतच आहे. तरा म्हणजे तलाव आणि पार म्हणजे त्याचा मातीचा बांध. झाडीबोलीच्या तोंडात 'ळ' फार वेळ टिकत नाही. म्हणून पुस्तकातली पाळ आमच्याकडे पार होते आणि मासोळीची मासोरी होते. पाहुणा शहरातला असो की शेजारच्या गावचा, देवळाआधी तरा. मी स्वतः आजवर किती पाहुणे त्या पारीवर उभे केले असतील, त्याचा हिशेब नाही. तिथं उभं राहून त्याच्या तोंडून 'वा!' ऐकलं, की तो तरा जणू माझ्या बापानंच बांधला असावा, असा मला अभिमान वाटायचा.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, साकोली तालुक्यातलं. मुंबई-कोलकाता महामार्ग सोडून आत वळलं, की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. मधूनमधून मोहाची झाडं, कडेला एखादी बोडी, दूरवर गायखुरीच्या डोंगरांची निळी रेघ. भंडाऱ्याला 'तलावांचा जिल्हा' म्हणतात, ते उगाच नाही. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला आणि नवेगावबांधसारखे मोठे तलाव तिकडे गेले. पण आमच्या वाट्याला राहिले तेही कमी नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे जुने तलाव सहा हजारांवर भरतात. निसर्गानं एकही केलेला नाही. माणसांनी उतार बघून, माती टोपल्यांनी वाहून, ती तुडवून केलेले आहेत. गोंड राजांच्या अमलात जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन मिळे, असं सांगतात. बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचं नाव सगळ्यांत आधी घेतलं जातं. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळ्यानं बांधला, ही कथा आमच्या लहानपणी आबाजींच्या तोंडून ऐकलेली.

मालगुजारी गेली ते आणि माझा जन्म, दोन्ही १९५१चं. कायदा आदल्या वर्षीचा. मालगुजार गेले, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव' झालं. लोकांनी त्याचं 'मामा तलाव' करून टाकलं. आबाजी म्हणायचे, "मालगुजाराचा होता तवा गावाचा वाटे. आता सरकारचा झाला, तं कोनाचाच नाई राह्यला." पूर्वी दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस पारीच्या मातीकामाला जाई, गाळ बैलगाड्यांनी बांध्यांत नेऊन टाकी. आमच्या वयाच्या पोरांनी ते काम शेवटचं पाहिलं. पुढं पार खचली तर अर्ज लिहायचा, असं झालं. अर्ज लिहिण्याचं काम बहुधा माझ्याकडे येई, कारण मी शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो होतो.

पण आधी तऱ्याबद्दल सांगतो.

मृग लागला की पहिल्या दोन-तीन पावसांत तऱ्याच्या पोटातली भेगाळलेली माती काळी पडते आणि तिचा वास गावभर येतो. बेडूक रात्रभर ओरडतात. आमच्याकडे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक त्या तीन-चार महिन्यांतच. पाणी चढू लागलं की मासे प्रवाहाच्या उलट, वर नाल्यात, नाल्यातून बांध्यांत घुसतात. हे चढणीचे मासे. धुऱ्यावरून पाणी वाहत असतं आणि त्या बोटभर पाण्यात मासा आडवा होऊन, शेपटी आपटत वर सरकतो. पोरं टोपली घेऊन धावायची. मीही धावलो आहे. माय ओरडायची, "अरे, पोटात अंडे असतेत त्याइच्या!" पण ऐकतो कोण.

आषाढात पऱ्हे वाढले की रोवणी. तुडूम उघडून नहराला पाणी सोडायचं, चिखलणी करायची आणि बायांनी ओळीनं वाकून रोवणं रोवायचं. पारीवरून ते दृश्य असं दिसतं : एका अंगाला राखी रंगाचं पाणी, दुसऱ्या अंगाला चौकोनी चौकोनी बांध्या, काहींत आभाळ सांडलेलं, काहींत नुकताच रोवलेला पोपटी धान, आणि त्यात लुगड्यांचे ठिपके. बायांची गाणी वाऱ्याबरोबर येतात-जातात. शब्द कळत नाहीत, चाल कळते. भाद्रपदात कमळं फुलतात. कोजागिरीला पाणी ठाम होतं. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईचे आणि दंडारीचे दिवस येतात, धानाचे पुंजणे उभे राहतात आणि मग पाखरं येतात.

पाखरांची ओळख मला दादानं करून दिली. दादा ढिवर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही चौथीपर्यंत एका वर्गात होतो, कारण तो दोनदा नापास झाला. मग त्यानं शाळा सोडून बापाबरोबर डोंगा धरला. तेव्हापासून मी त्याला दादा म्हणतो आणि मी नोकरीला लागल्यापासून तो मला मास्तर म्हणतो. दर हिवाळ्यात, रविवारी, तो मला डोंग्यात बसवून आत न्यायचा. डोंगा म्हणजे कोरलेलं खोड. त्यात हललं की बुडालंच. "मास्तर, पोटात पानी हलू देऊ नोका," असं तो सांगायचा. मग बांबू टेकत, आवाज न करता, कमळाच्या पानांमधून डोंगा सरकायचा.

आत गेल्यावर जे दिसतं ते पारीवरून कधी दिसत नाही. कमळाच्या पानावर लांब बोटांचा कमळपक्षी चालत असतो. त्याचं घरटं तरंगत्या पानावरच, आणि अंडी नर उबवतो. मादी दुसरीकडे निघून जाते. हे दादानं सांगितलं तेव्हा मला थट्टा वाटली होती. पुढं पुस्तकात वाचलं तर खरंच होतं. टिबुकली घरट्यावरून उठताना पाणवनस्पतींनी अंडी झाकून मग बुडी मारते. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोंब पायात धरून खाते. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाखरांचे थवेच्या थवे असत, त्यांना मराठीत वारकरी म्हणतात आणि ते नाव इतकं बरोबर आहे, की पहिल्यांदा कळलं तेव्हा मी डोंग्यातच हसलो होतो. अडई बदकं शीळ घालत उडत. थंडीत उत्तरेकडची बदकं उतरत. माझ्या तरुणपणी सारसांची एक जोडी पलीकडच्या बांध्यांत चरायची. त्यांचा आवाज पहाटे गावात ऐकू येई. आता सारस बघायचा तर गोंदियाकडे जावं लागतं.

आणि एक दृश्य मी दादाबरोबर नसतो तर जन्मात पाहिलं नसतं. पावसाळ्यात, काठालगतच्या पाण्यात, हाताएवढा लालसर ढग हलताना दिसतो. जवळ गेलं तर ती शेकडो पिल्लं असतात, मरळीची. खाली, अंधारात, त्यांचे मायबाप राखण करत असतात. ढग जिकडे जाईल तिकडे तेही जातात. "या टायमाले मरळ धरत नाई आमी," दादा म्हणायचा. "पोरंवाली आहे ते."

असा तो तरा. तो मला फार आवडायचा, यात खोटं काही नाही. पण आवडण्यातही माणूस चुकतो.

मी २००९ साली निवृत्त झालो. तोवर तऱ्याची दशा वाईट झाली होती. काठानं बेशरम माजली होती. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. कोणी कुंपणाला म्हणून लावली आणि ती पाण्यात उतरली. गुरं तोंड लावत नाहीत, तोडली तर कांडी पुन्हा फुटते. नाव अगदी शोभतं. गाळानं पाणी उथळ झालं होतं. आत कमळ, गाद, नाना तऱ्हेच्या शेवाळासारख्या वनस्पती दाटल्या होत्या. पाहुण्यांना पारीवर नेलं की त्यांच्या तोंडून पूर्वीचा 'वा!' येईना. एक जण तर म्हणाला, "हा तलाव आहे की कुरण?" ते मला लागलं.

२०१२च्या आधी दोन वर्षं मी त्या तऱ्यामागे लागलो होतो. ग्रामसभेत बोललो, अर्ज लिहिले, तालुक्याला खेटे घातले. 'तलाव खोल व स्वच्छ करून गावाचे सौंदर्य वाढवावे', हे वाक्य माझंच. शेवटी पैसे आले. ग्रामसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. शेतकऱ्यांना पाणी पाहिजे होतं, पोरांना टिप्पर पाहायचे होते. एकटा दादा मागून उठला. म्हणाला, "बेशरम काढा मास्तर, मुळापासून काढा. गाळबी काढा, पर समदा नोका. गाद अना कमळ ठेवा. काठ हळूहळू उतरता ठेवा. मासोरी का खाईल, का घालील अंडे?"

मी हसून म्हणालो, "दादा, अरे मासे पाण्यात राहतात. पाणी वाढलं तर मासे वाढतील."

सभा हसली. दादा खाली बसला. ते हसणं आजही माझ्या कानात आहे, कारण ते मी शिकवताना नेहमी हसायचो तसं होतं. चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरावर हसतो तसं.

उन्हाळाभर दोन पोकलेन चालले. बेशरम गेली. कमळाचे कंद गेले, गाद गेली, काठाचं लव्हाळं गेलं. काठ सरळ कापले, भिंतीसारखे. पारीवर मुरूम टाकला. पावसाळा चांगला झाला आणि आश्विनात तरा असा दिसू लागला, की आरसाच. काठापासून काठापर्यंत नितळ पाणी, त्यात गायखुरीचा डोंगर उलटा. लोक फोटो काढायला आले. मी पारीवर उभा राहून पाहुण्यांना दाखवत होतो, आणि पाहुणे पुन्हा 'वा!' म्हणत होते.

त्या हिवाळ्यात पाखरं आली नाहीत. आली असतील तर वरून बघून पुढं गेली असतील. एक-दोन पाणकावळे वाळक्या फांदीवर पंख पसरून बसलेले असायचे, तेवढेच. मला वाटलं, नवं आहे, बावरली असतील. पुढच्या हिवाळ्यातही तेच. दादाच्या मच्छीमार सोसायटीनं ठेक्याचे पैसे भरून रोहू-कतल्याचं बीज सोडलं होतं. हाती फारसं आलं नाही. आणि मरळ, दाडक, वाघूर हे जे गावचे मासे कोणी न सोडता मिळायचे, ते तर जणू कधी नव्हतेच. दादा मला डोंग्यात बोलवेनासा झाला. मीही विचारलं नाही. काय बघायला जाणार? दादाचा धाकटा पोरगा नागपूरला एका इमारतीच्या बांधकामावर चौकीदार म्हणून गेला.

२०१४च्या उन्हाळ्यात एक दिवस दादाची बायको मासोरीची टोपली घेऊन आमच्या अंगणात आली. तिला मी वहिनी म्हणतो. चाळीस वर्षं ती आमच्याकडे मासे आणते. पूर्वी पायलीभर धानावर, आता पैशावर. मी टोपलीतला मासा उचलला. बर्फानं कडक झाला होता.

"हा कुठला, वहिनी?"

"आंध्रचा. ट्रकात येते साकोलीले." तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमच्या तऱ्याचा नोहे, मास्तर. तुमचा तरा लय सुंदर आहे."

तिनं टोमणा मारला होता की नाही, मला आजही कळत नाही. मी मासा घेतला, पैसे दिले. त्या रात्री जेवलो नाही. बायकोनं विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, बरी आहे.

दुसऱ्या दिवशी दादाच्या घरी गेलो. तो ओसरीत जाळं विणत होता, म्हणजे सवय म्हणून. मी म्हटलं, "दादा, चुकलो." तो म्हणाला, "मास्तर, तुमी पारीवरून पाह्यलं. तठून तसाच दिसते." मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. पुढं तोच म्हणाला, की अर्जुनी-मोरगाव तालुक्यात त्याच्या साळ्याच्या गावाकडे ढिवर लोक तऱ्यात झाडं लावतात. मला आधी काठावर लावत असतील असं वाटलं. "काठावर नोहे, पान्यात," तो म्हणाला.

आम्ही दोघं एसटीनं गेलो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि तिकडचे ढिवर बांधव मिळून हे काम करत होते. जुन्या जाणत्या मासेमारांना विचारून कोणती वनस्पती कोणत्या माशाला खायला, कोणती अंड्यांना, कोणती पाखरांना, हे त्यांनी मांडलं होतं. उन्हाळ्यात बेशरम खणून काढायची, कोरड्या पोटात नांगर घालायचा आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या तलावातून आणलेली रोपं धानासारखी रोवायची. तिथली पाण्याची रोवणी बघून मला माझ्या मास्तरकीची लाज वाटली. आयुष्यभर मी पोरांना अन्नसाखळी शिकवली होती. फळ्यावर बाण काढून.

२०१५च्या जूनमध्ये आमच्या तऱ्यात पहिली रोवणी झाली. ढिवरवाड्यातल्या पंधरा-वीस बाया, दादा, त्याची सोसायटी आणि मी. ओल्या पोत्यांत रोपं गुंडाळून, टेम्पोनं आणली होती. बाया कमरेएवढ्या चिखलात उतरल्या आणि गाणं म्हणत, ओळीनं रोवत गेल्या. मी पोती वाहिली. चौसष्टाव्या वर्षी चिखलात दोनदा पडलो. सभेतली माणसं पारीवर उभी राहून हसत होती. त्यांचं काही चुकलं नाही. पोकलेनवर लाखो रुपये घालून काढलेलं पुन्हा हातानं लावत बसणारे लोक हसण्यासारखेच असतात.

पहिल्या वर्षी निम्मं वाहून गेलं. काठ सरळ कापलेला, माती धरायलाच जागा नव्हती. मग एका बाजूचा काठ फावड्यांनी उतरता केला. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावलं. तिसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदात, एका सकाळी मी नेहमीसारखा पारीवर गेलो, तर तरंगत्या पानांवर लांब बोटांचा एक पक्षी चालत होता. एकच होता. मी घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी पुन्हा जाऊन बघून आलो, आहे की नाही ते. होता.

आता हिवाळ्यात वारकरी येतात. पूर्वीइतके नाहीत. अडई येतात. सारस आले नाहीत आणि येतील असं मला वाटत नाही. बेशरम एका कोपऱ्यात परत फुटली आहे, दर उन्हाळ्यात ती खणावी लागते. दादाचा पोरगा नागपुरातच राहिला; त्याचं तिकडं लग्न झालं, खोली झाली. तरा सुधारला म्हणून गेलेलं सगळंच परत येत नाही. वहिनी टोपली घेऊन येते, कधी तऱ्याचा मासा असतो, कधी आंध्रचा. ती विचारायच्या आधीच सांगते.

पाहुण्यांना मी अजून पारीवर नेतो. पण तिथं थांबत नाही. पारीवरून खाली, उतरत्या काठानं, पाण्यापर्यंत नेतो आणि बसवतो. बहुतेकांना कंटाळा येतो. पाण्यात पानं, शेवाळ, कुजक्याचा थोडा वास, डास. "साफ का करत नाही?" असं एखादा विचारतोच. मी काही फार समजावत बसत नाही. मलाही समजायला साठ वर्षं लागली.

गेल्या श्रावणात पुण्याहून नात आली होती. दहा वर्षांची आहे. दादाचे गुडघे आता गेले आहेत, तरी तो काठी टेकत आला. आम्ही तिघं काठाशी बसलो. पाण्यात गादीच्या वर, हाताएवढा लालसर ढग हलत होता. नातीनं मोबाईल काढला आणि उभी राहिली.

दादानं तिचा फ्रॉक धरून हळूच खाली बसवलं. "बस माय," तो म्हणाला. "सावली नोको पाडू. त्याइची माय खाली आहे."

ती बसली. मोबाईल मांडीवर ठेवला. ढग आमच्यासमोरून डावीकडे सरकला आणि आम्ही तिघंही माना वळवून बघत राहिलो.